टीप क्रमांक १४१

१० फेब्रुवारी २०१८, शनिवार. सकाळी अकराच्या सुमाराला मला कळलं की जयमालाच्या टिपा माझ्याकडे नाहीत. त्याआधीचे चार महिने त्या माझ्याकडे आहेत असंच मी धरून चाललो होतो.

आमची मुलगी अदिती आदल्या संध्याकाळी पुण्याहून डहाणूला आली होती. तिनं आपला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला आणि मी कपाटातून पेन ड्राइव्ह काढून दिला. फाईल उघडली. डावीकडे नावांची यादी आली, दोनशे बारा नावं. ‘भाऱ्याचं वजन’, ‘मुकादमाच्या शिव्या’, ‘दिवाळीनंतरची कापणी’, ‘वखारीत पाणी कुठून यायचं’. सगळी जयमालानं दिलेली. अदितीनं पहिल्या नावावर क्लिक केलं. उजवीकडचं पान कोरं होतं. दुसऱ्यावर केलं, तेही कोरं. दहा-बारा नावं झाली तसा तिचा हात थांबला.

“बाबा, ह्याच्याबरोबरचं फोल्डर कुठंय?”

“कुठलं फोल्डर?”

“ही नुसती यादीची फाईल आहे. मजकूर फोल्डरमध्ये असतो, आकड्यांच्या फायली असतात बघा, एक, दोन, तीन अशा.”

“ते कच्चं होतं ना?”

“कच्चं नव्हतं बाबा. तेच सगळं होतं. आईचा लॅपटॉप कुठंय?”

“शाळेला दिला. ऑक्टोबरात. तिनंच सांगितलं होतं.”

“तसाच दिला?”

“तसा कसा देईन? पुसून दिला.”

अदिती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला.

जयमाला तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आधी शिक्षिका, मग मुख्याध्यापिका होती. २०१५ साली निवृत्त झाली आणि कादंबरी लिहायला बसली. आमच्या भागात पूर्वी गवताच्या वखारी होत्या. डोंगरातून बायका डोक्यावर भारे आणायच्या, वखारीत त्यांचे गठ्ठे बांधले जायचे आणि रेल्वेनं मुंबईच्या तबेल्यांना जायचे. त्या बायकांची ती कादंबरी. अदितीनं तिला कादंबरी लिहिण्याचा एक प्रोग्रॅम घालून दिला होता. त्यात एका बाजूला प्रकरणं आणि दुसऱ्या बाजूला टिपा ठेवता येतात. प्रकरणं एकतीस. ती जयमालानं जून २०१७ मध्ये अदितीला वाचायला मेल केली होती, त्यामुळे ती शाबूत होती. टिपा तिनं कुणाला पाठवल्या नव्हत्या.

प्रकरणं आहेत तर टिपांचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. ऑगस्टमध्ये वापीच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, ती मला म्हणाली, “अहो, पुस्तक छापायचं झालं तर आधी टिपा बघा. बारकीमावशीला मी शब्द दिलाय. काय गाळायचं ते टिपांत आहे.” मी बरं म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, “बघाल ना?” मी पुन्हा बरं म्हटलं. २१ ऑगस्टला ती गेली.

बारकी ही डहाणूजवळच्या कैनाड गावची म्हातारी. वखारीत काम केलेल्या बायकांपैकी जयमालाला सगळ्यांत जास्त तिनंच सांगितलं होतं. एवढंच मला माहीत होतं.

आता माझी चूक कशी झाली ते सांगतो. मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली एकवीस अभिलेख कक्षात. दप्तराचे चार वर्ग असतात, अ, ब, क, ड. अ कायम ठेवायचं, ड वर्षभरानं नष्ट करायचं. कच्चे कागद आधी जातात, पक्की प्रत राहते. लॅपटॉप द्यायच्या आधी मी तिचं फोल्डर उघडलं. त्यात ‘गवत’ नावाची एक फाईल होती, तिच्यावर त्या प्रोग्रॅमचं चित्र होतं. बाकी सगळे आकडे आणि तारखा. शंभर-दोनशे बारीक फायली, काहींत चारच ओळी. मी त्यांना ड वर्गात टाकलं. ‘गवत’ पेन ड्राइव्हवर घेतली आणि उघडून तपासली. डावीकडची यादी वरून खालपर्यंत मोजली. दोनशे बारा. अभिलेख कक्षात फाईल ताब्यात घेताना आम्ही पृष्ठसूची बघायचो. सूची पूर्ण तर फाईल पूर्ण, खाली सही. मी पान उघडून पाहिलं नाही.

प्रोग्रॅम बंद करताना दर वेळी आपोआप एक बॅकअप होत होता, असं अदितीनं नंतर सांगितलं. पण तो त्याच लॅपटॉपवर होत होता. कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात.

दुपारी आम्ही स्टेशनजवळ दर्शनच्या दुकानात गेलो. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळी तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे. लॅपटॉप त्यानंच पुसून दिला होता.

“काका, मी विचारलं होतं तुम्हाला,” तो म्हणाला. “डेटा घेतला का? तुम्ही बोलले, घेतला, सही पण करतो.”

“बोललो होतो.”

“मग आता मला काय करायला सांगता?”

“परत आणता येईल का?”

“येईल पण आणि नाय पण. पुसलं म्हणजे काय, घराची पाटी काढली. माणसं आतच असतात. नवीन भाडेकरू आला की मग बाहेर जातात. चार महिन्यांत किती भाडेकरू आले ते बघायला लागेल. पहिला फोन लावा शाळेत. सांगा, हात नका लावू. चालू पण नका करू.”

मी रविंद्र सरांना फोन लावला. ते जयमालाच्या हाताखाली शिक्षक म्हणून लागले होते, आता तिच्या जागी आहेत. ते म्हणाले, “सर, मी आत्ताच मुलांची माहिती भरतोय त्याच्यावर. सोमवारपर्यंत पाठवायचीय.” मी त्यांना काय झालंय ते सांगितलं. ते म्हणाले, “बंद केला बघा. बाईंचं आहे म्हटल्यावर माझी माहिती राहू दे. मोबाइलवर भरतो.”

सोमवारी एसटीनं तलासरीला गेलो. रविंद्र सर लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून स्टँडवर उभे होते. चहा घेताना ते अस्वस्थ दिसले.

“सर, एक सांगायचंय. ह्याच्यात मी मुलांसाठी व्हिडिओ घातलेत. पाढे, कविता वगैरे.”

“चांगलं केलंत.”

“आणि दोन पिक्चर. ते मुलांसाठी नव्हते.”

“कसले पिक्चर?”

“मारामारीचे हो. तसले नाहीत. पण मोठे होते, जागा खूप खातात. बाईंच्या टिपांवर बसले असतील तर मला फार वाईट वाटेल.”

मी म्हटलं, तुम्ही माझ्यापेक्षा कमीच केलंय.

दर्शननं तीन दिवस लॅपटॉप ठेवून घेतला. चौथ्या दिवशी त्यानं एक फाईल मला दाखवली. पडद्यावर नुसते आकडे. २३२५, २३६६, मध्ये तिरप्या रेघा आणि प्रश्नचिन्हं, पानभर तेच. मला वाटलं, संपलं.

“काका, रडू नका, अजून काय झालं नाय. हा २३२५ म्हणजे क. २३६६ म्हणजे काना. मशीन असंच लिहितं. चुकीच्या ठिकाणी उघडली मी.” त्यानं ती दुसरीकडे उघडली आणि मराठी आलं. ‘काळी माती अंगाला चिकटायची नाही, गवताची कुसळं चिकटायची.’ मी ते वाक्य दोनदा वाचलं. वाक्य जयमालाचं होतं.

एकूण एकशे चौसष्ट फायली निघाल्या. पण त्यांची नावं गेली होती. दर्शनच्या प्रोग्रॅमनं त्यांना आपले नंबर दिले होते, आणि ते जयमालाच्या यादीशी कुठंच जुळत नव्हते. म्हणजे माझ्याकडे यादी होती पानांशिवाय, आणि आता पानं आली होती नावांशिवाय. हे काम मला येतं. वाळवी लागलेल्या गठ्ठ्यातून सुटी पानं काढून कोणतं कुठल्या फाईलचं हे मी वर्षानुवर्षं ठरवलेलं आहे. मी सगळं छापून आणलं, एक रजिस्टर आखलं. अनुक्रम, शीर्षक, पान मिळालं किंवा नाही, शेरा. रोज सकाळी दहा ते एक आणि तीन ते पाच बसायचो. ऑफिसच्याच वेळा.

काही पानं एकाच टिपेच्या दोन-तीन अवस्था होत्या. काही अर्ध्यात तुटलेली. सव्वा महिना लागला. दोनशे बारापैकी एकशे सत्तावीस टिपा जुळल्या. पंच्याऐंशी मिळाल्या नाहीत.

ते दिवस वाईट गेले असं म्हणता येणार नाही. ती कसं काम करायची हे मला माहीतच नव्हतं. ती लिहायला बसली की मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचो. टिपांत सगळं होतं. कोणत्या बाईच्या पायाला काय लागलं, भारा उतरवताना मान कशी वळवायची. एका टिपेचं शीर्षक होतं ‘वखारीचा कारकून’. त्यात तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या ह्यांच्यासारखा. प्रामाणिक. यादी तपासतो, माल तपासत नाही.’ मी ती टीप रजिस्टरात चढवली. शेऱ्याच्या रकान्यात ‘बरोबर’ असं लिहिलं.

जुळवणी झाल्यावर दर्शनकडून मी बॅकअप कसा घ्यायचा ते शिकलो. फाईल नव्हे, प्रकरणं आणि टिपा एकत्र असलेलं पूर्ण फोल्डर घ्यायचं. त्याचं एक पाकीट करायचं, वर तारीख घालायची. एक प्रत घरात, एक घराबाहेर, एक इंटरनेटवर. घराबाहेरची रविंद्र सरांच्या शाळेच्या कपाटात ठेवली. प्रत केल्यावर कुठलीही पाच पानं उघडून वाचायची. दर्शन म्हणाला, “काका, माझे इंजिनिअर गिऱ्हाईक पण एवढं नाय करत.”

पण जी टीप हवी होती ती पंच्याऐंशीत गेली होती. यादीत क्रमांक १४१, शीर्षक ‘गाळायचं – बा.’ पान नाही. तिच्याबद्दल दुसऱ्या एका टिपेत दोन ओळी सापडल्या. ‘बा.ला सगळं वाचून दाखवलं. तीन ठिकाणी थांबवलं. बघ १४१.’

म्हणजे एकतीस प्रकरणांत तीन जागा होत्या, आणि त्या कोणत्या हे मला कळायला मार्ग नव्हता.

मी अदितीला फोन केला. नाशिकच्या एका प्रकाशकानं पुस्तक घ्यायचं कबूल केलं होतं आणि वर्षश्राद्धाच्या आत ते यावं अशी तिची इच्छा होती. त्यासाठी मे अखेरपर्यंत मजकूर द्यायला हवा होता.

“बाबा, आईनं सगळी नावं बदललीत. गावाचं नावसुद्धा बदललंय. कुणाला काय कळणार?”

“कळेल की नाही ते मला माहीत नाही.”

“मग?”

“तिनं शब्द दिलाय. आणि मी दोनदा बरं म्हटलंय.”

“तुम्ही त्या आजींना जाऊन विचारा ना सरळ. तीन जागा सांगा म्हणावं. अर्ध्या तासाचं काम.”

मलाही ते अर्ध्या तासाचंच वाटलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी कैनाडला गेलो. बारकीचं घर पाड्याच्या टोकाला आहे. ती ओट्यावर बसून चिंच फोडत होती, शेजारी तिची सून कविता. बारकी सत्तरीच्या पुढची, बारीक, केस पूर्ण पांढरे. मी नाव सांगितलं.

“बाईचा नवरा ना तू?” ती म्हणाली. तिची घरातली बोली वेगळी, माझ्याशी ती बाजारातली मराठी बोलली. “बाई गेली ते आम्हाला बाजारात कळलं. कविता मिरची घेऊन गेली तेव्हा. तुला सांगायला पाय नव्हते?”

“चुकलं, मावशी.”

“आला असता तर मी आली असती. एक दिवसाची मजुरी गेली असती, दुसरं काय.”

कविता म्हणाली, “आई, बसू तरी दे त्याला.”

“बसू दे. मी उठवलं काय?”

मी बसलो. पाणी प्यायलो. मग मी सगळं सांगितलं, लॅपटॉपपासून १४१ पर्यंत. कविता मध्येच हसली. “म्हणजे दादा, तू सूप ठेवलं आणि भात फेकला.” मी हो म्हटलं. मग बारकीला विचारलं, त्या तीन जागा कुठल्या तेवढं सांगा, मी गाळतो.

ती चिंच फोडत राहिली. “नाय सांगणार.”

“का?”

“तुला सांगितलं म्हणजे झालंच ना सांगून. ते मी बाईला सांगितलं. बाईमाणूस म्हणून सांगितलं. तू कोण?”

“पण मावशी, पुस्तक मी वाचलंय. त्या जागा मी वाचलेल्याच आहेत.”

“वाचल्या असतील. त्यातलं खरं काय नि बाईच्या मनातलं काय, ते तुला ठाऊक हाय?”

मला ठाऊक नव्हतं. कादंबरीत पुष्कळ काही घडतं. एक पोर नदीवर सोडून दिलं जातं, एक बाई वखारीला आग लावते, एक जण रात्रीत गाव सोडतो. त्यातलं बारकीनं सांगितलेलं कोणतं आणि जयमालानं रचलेलं कोणतं, मला सांगता आलं नसतं. आणि बारकीनं तीन जागांवर बोट ठेवलं असतं तर त्याच क्षणी मला कळलं असतं. तिचं म्हणणं बरोबर होतं. तिला छापणाऱ्यांपासूनही ते झाकायचं होतं आणि माझ्यापासूनही.

“मग पुस्तक छापायचंच नाही का?” मी विचारलं.

“असं कोण बोललं? बाईनं दोन वर्षं घातली. माझ्याच ओट्यावर बसली. छापायला पायजे.” तिनं टोपलीतून चिंचोके उचलले आणि एकेक ओट्यावर मांडले. सात. “तू सगळं वाच. पहिल्यापासून. मी सात जागी थांबवीन. सातही काढायच्या. त्यात तीन कुठल्या, ते तुला नाय कळायचं.”

मी चिंचोक्यांकडे बघत राहिलो.

“म्हणजे चार जागा उगाच जातील.”

“हां.”

“त्या जयमालानं लिहिलेल्या आहेत. तिची पानं आहेत ती.”

“तिचा शब्द पण हाय,” बारकी म्हणाली. “तू ठरव. मला घाई नाय. चिंच पण खूप हाय.”

परतताना रिक्षात मी विचार केला. जयमालाची पानं माझ्याकडे तेवढीच होती. नवीन एकही येणार नव्हतं. नुकताच सव्वा महिना घालून मी तिची एकेक ओळ वाचवली होती. आता चार जागा, ज्यांत गाळण्यासारखं काही नाही, मी स्वतः काढायच्या. दुसऱ्या बाजूला मी बरं म्हटलेलं होतं. दोन दिवसांनी मी प्रकरणांची छापील प्रत आणि लाल पेन घेऊन कैनाडला गेलो.

अदिती चिडली. “आईची पानं तुम्ही स्वतः फाडणार? तेही लॉटरी काढून?”

“लॉटरी नाही. तीन नक्की आहेत.”

“आणि चार?”

“चार त्या तिघींची सोबत.”

ती म्हणाली, मला हे पटत नाही, पण शब्द तुमचा आहे. तिनं नाशिकला फोन करून मुदत मागून घेतली.

आठवड्यातून दोनदा जायला लागलो. मला मोठ्यानं वाचायची सवय नाही. पहिल्या दिवशी मी ऑफिसात आदेश वाचतात तसं वाचलं. बारकी म्हणाली, “समन्स देतो काय?” नंतर थोडं सुधारलं. कविता काम असलं तरी ऐकू येईल अशाच जागी बसायची. दोघी मध्येच एकमेकींशी आपल्या बोलीत बोलायच्या आणि हसायच्या. मला कळायचं नाही. एकदा मुकादमाच्या शिव्या आल्या तेव्हा बारकी म्हणाली, “बाईनं शिव्या अर्ध्याच लिहिल्यात. शाळेची ना ती. पुऱ्या मी सांगते, लिही.” मी म्हटलं, मावशी, आपण काढायला बसलोय, घालायला नाही.

दुसऱ्या प्रकरणात तिनं पहिल्यांदा हात वर केला. एका बाईची पेज करपते आणि सासू तिला बोलते, अशी आठ-दहा ओळींची जागा होती. मी लाल रेघ मारली. तिनं एक चिंचोका बाजूला सरकवला. माझ्या मनात आलं, ही चारांतली. लगेच लक्षात आलं की असं मोजायचं नाही, म्हणूनच तर हे सगळं चाललंय. पण मन मोजतं.

सातव्या प्रकरणात एक पान आहे. संध्याकाळी वखार बंद झाल्यावर एक बाई गवताच्या गंजीला पाठ लावून बसते. घरी जायला उशीर झालेला असतो, तरी बसते. काही घडत नाही. गवत दिवसभराचं तापलेलं असतं, ते तिच्या पाठीला लागतं, एवढंच. जयमालानं लिहिलेल्या सगळ्यात ते पान मला सर्वांत चांगलं वाटतं. ती गेल्यावर दवाखान्यातून घरी आलो तेव्हा मी पहिलं वाचलं ते तेच.

मी ते वाचत होतो आणि बारकीचा हात वर आला.

“मावशी, हे नको.”

“का?”

“ह्यात काही नाही. ती नुसती बसते.”

“मग?”

“दुसरं कुठलंही काढा. ह्याच्या बदली दोन काढा.”

“बाजार हाय काय?” ती म्हणाली, पण रागानं नाही. तिनं हात खाली घेतला नव्हता. “तुला लय आवडतं हे?”

“हो.”

“बाईला पण आवडायचं. तिनं दोनदा वाचून दाखवलेलं मला.”

मी थांबलो. तिनं पुढं काही सांगितलं नाही. जयमालानं दोनदा वाचून दाखवलं म्हणजे काय झालं असेल, तेव्हाही हात वर झाला होता की नव्हता, हे मी विचारू शकलो असतो. कविता माझ्याकडे बघत होती. मी विचारलं नाही. पानावर लाल रेघ मारली, वरपासून खालपर्यंत. बारकीनं दुसरा चिंचोका सरकवला आणि कविताला म्हणाली, “त्याला चहा दे. गूळ जास्त घाल.”

घरी आल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात आली. कागदावर रेघ मारून भागत नव्हतं. तेच पान घरातल्या प्रतीत होतं, शाळेच्या कपाटातल्या प्रतीत होतं, इंटरनेटवरच्या प्रतीत होतं आणि अदितीच्या मेलमध्ये होतं. त्यातल्या तीन ठिकाणी ते राहील अशी व्यवस्था मीच केली होती. दर्शनला विचारलं तर तो म्हणाला, “काका, दोन महिन्यांपूर्वी रडत आले, परत आण. आता बोलता, असं पुस की परत नाय आलं पायजे. ठरवा एकदा.” पण त्यानं शिकवलं. दर वाचनानंतर मी तीन प्रतींतून ती जागा काढतो, नवी प्रत करतो, जुनी नष्ट करतो आणि रजिस्टरात नोंद करतो. नोंदीत फक्त प्रकरणाचा क्रमांक असतो. काय काढलं ते लिहीत नाही. इथंही मी दुसऱ्या आणि सातव्या प्रकरणातल्या जागा सांगितल्यात त्या बारकीला विचारून. ती म्हणाली, सांग, तुला तरी कुठं ठाऊक हाय.

अदितीच्या मेलमधली प्रत तिची आहे. ती म्हणते, आईनं मला पाठवलेली शेवटची मेल मी पुसणार नाही. कुणाला दाखवणार नाही, पण पुसणार नाही. हे मी बारकीला अजून सांगितलेलं नाही.

जूनच्या सुरुवातीपर्यंत नऊ प्रकरणं झाली. मग शेतीची कामं आली. आता आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू आहे, दोघी सकाळपासून शेतात असतात. बारकीनं निरोप पाठवलाय की आवणी उरकल्यावर ये. तारखेनं वर्ष २१ ऑगस्टला होतं; यंदा अधिक महिना आल्यानं तिथीनं वर्षश्राद्ध सप्टेंबरात येतं, पण तोपर्यंतही पुस्तक होणार नाही.

बावीस प्रकरणं वाचायची राहिली आहेत. पाच जागा काढायच्या राहिल्या आहेत.